सिरोंचा, प्राणहितेचे मासे आणि एक भोकाचा पैसा

खरं कारण आधीच सांगून टाकते. सिरोंच्याला मी जंगल बघायला गेले नाही, संगम बघायला गेले नाही, आणि ‘डिसेंबरात कुठे जावं’ असं मला सारखं विचारणाऱ्या तुम्हा वाचकांसाठी ठिकाण हेरायला तर मुळीच गेले नाही. आमच्या नाणी जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर वैशालीने एक फोटो टाकला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं, म्हणून गेले.

वैशाली माझ्याच कॉलेजात नोकरीला आहे. मी ग्रंथालयात, ती ऑफिसात. काही वर्षांपूर्वी माझ्या टेबलावरचा नाण्यांचा अल्बम पाहून ती म्हणाली, मला पण शिकव ना. मी शिकवलं. नाणं दोन बोटांनी कडेनं धरायचं, चेहऱ्यावर बोट लावायचं नाही, आणि काहीही झालं तरी घासायचं नाही. जुन्या तांब्यावर जो तपकिरी रंग चढतो तोच त्याचा खरा दागिना. घासून चमकवलेलं नाणं जाणत्या माणसाला फुकट दिलं तरी नको असतं. हे सगळं माझ्याकडून शिकून बाई आता माझ्या पुढे गेली. तिच्याकडे सुटे आहेत, वेळ आहे, नवरा हौशी आहे. माझ्याकडे नुसती अक्कल आहे.

आता तो फोटो. भोकाचा पैसा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी घरी डब्यात पाहिला असेल. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली तेव्हा सरकारने एका पैशाच्या नाण्याला मधोमध गोल भोक पाडलं. मला हे नाणं फार आवडतं. त्या काळच्या बाकी नाण्यांवर राजाचं तोंड आहे, याच्यावर तोंडच नाही. वर मुकुट आहे, आणि मुकुटाखाली जिथे राजाने असायचं तिथे आरपार भोक. मागच्या बाजूला भोकाभोवती पानांची वेल. ज्याने कुणी हे काढलं त्याला भोक अडचणीचं वाटलं नाही, त्याने भोकालाच मधलं चित्र केलं. हा पैसा दुर्मिळ नाही, बाजारात ढिगाने मिळतो. पण मिळतो तो झिजलेला, घासलेला, नाहीतर मोटारवाल्यांनी वायसर म्हणून वापरून चेपलेला. मुकुटावरचे मणी वेगळे मोजता यावेत आणि रंग मूळचा असावा, असा एक मी इतकी वर्षं शोधत होते. अल्बममध्ये त्याची खिडकी मी मुद्दाम रिकामी ठेवली होती. ही गोष्ट वैशालीला माहीत होती.

तिच्या फोटोत तसाच पैसा होता. पडदाभर नुसता पैसाच. गडद, मधासारखा रंग, मुकुटाचा मणी न् मणी शाबूत, मुकुटाच्या डावीकडे तिळाएवढा काळा डाग, भोकातून काळा दोरा गेलेला आणि मागे काहीतरी गव्हाळ, बहुतेक लाकडी पाट. खाली एवढंच लिहिलं होतं: ‘सिरोंचा. प्राणहितेच्या काठी.’ ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस. मीही एक अंगठा टाकला. तो टाकताना अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

रात्री जेवताना नवऱ्याला म्हटलं, “छायाकडे जाऊन येते चार दिवस.” तो म्हणाला, “नाण्यासाठी ना?” इतकी वर्षं संसार केला की हे असं होतं.

छाया माझी धाकटी नणंद, चंद्रपूरला नर्स आहे. नोकरीची पहिली काही वर्षं तिने सिरोंच्याच्या सरकारी दवाखान्यात काढली, त्यामुळे तिला कामापुरतं तेलुगू येतं. शिवाय तिच्याकडे गाडी आहे आणि ती चालवायची तिला भारी हौस. माझा हिशेब साधा होता. जिथे वैशालीला एक मिळाला तिथे त्याच्याहून सरस दुसरा असणार, आणि तो मला तिच्या दुसऱ्या फेरीच्या आधी हवा होता.

नागपूरहून चंद्रपूरला एसटी सकाळपासून मिळतात. बायकांना अर्धं तिकीट, खिडकीजवळची जागा, आणि वाटेत वरोऱ्याला चहा. चंद्रपुरात उतरल्यावर छायाने आधी वडाभात खाऊ घातला. तुम्ही खाल्ला नसेल तर तेवढ्यासाठी तरी चंद्रपूरला या. गरम भातावर डाळीचे खरपूस वडे कुस्करायचे आणि वरून लसूण-मिरचीची कडकडीत फोडणी. दोन घासांत मी वैशालीला विसरले. तिसऱ्या घासाला ती परत आठवली.

संध्याकाळी गोल बाजारात जुन्या भांड्यांच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने डालड्याच्या डब्यातून मूठभर भोकाचे पैसे पाटीवर ओतले. मी भिंग लावून एकेक पाहिला. सगळे टकले.

“मुकुटवाला नाई का एखादा?” मी विचारलं.

“बाई, मुकुट पाह्यजे तर सोनाराकडे जा,” तो म्हणाला. “मागच्या महिन्यात पण एक मॅडम आल्या होत्या, अशाच भिंग घेऊन. त्यायनं पण सगळा डबा उपसला.”

मला त्याच्या डब्याचाच राग आला. मी ज्या दारात जाते तिथे ही आधीच येऊन गेलेली.

छाया बाहेर आल्यावर म्हणाली, “वहिनी, त्या मॅडमचं नाव निघालं की तुया तोंडाचा रंग बदलते. काऊन?” मी तिला सगळं सांगून टाकलं. ती हसत सुटली. “एका पैशासाठी? अन् तोही भोकाचा?”

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. गोंडपिपरीमार्गे आष्टी, तिथे वैनगंगेचा पूल, मग आलापल्ली आणि सरळ खाली सिरोंचा. नकाशात हा रस्ता सोपा दिसतो. प्रत्यक्षात आष्टी ते आलापल्ली सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक एकामागून एक येत असतात आणि रस्त्याकडेची झाडं पार लाल झालेली असतात. काच खाली करायची नाही, ओव्हरटेक करायची घाई करायची नाही. आलापल्लीला पेट्रोल भरून घ्या, पुढे भरवसा नाही. तिथल्या चहाच्या टपरीवर छायाला कोणीतरी “जय भीम ताई” म्हणून हाक मारली. तिच्या दवाखान्यातला जुना वॉर्डबॉय निघाला. त्याने आम्हाला आग्रहाने भजी खाऊ घातली आणि वर सांगितलं, “पुढे रस्ता खोदून ठेवला आहे, पण अंधार व्हायच्या आत पोचसान. मधात कुठी थांबू नका.”

आलापल्लीच्या पुढे सागवानाचं जंगल सुरू झालं. झाडं इतकी उंच की गाडीतून शेंडा दिसत नाही, आणि खाली पडलेली पानं ताटाएवढी. मध्येच रस्ता डांबरी, मध्येच नुसती गिट्टी. फोनची रेंज गेली. छाया म्हणाली, “आता तुले ग्रुप पाहता येणार नाई, चांगलं झालं.” त्यावर मी खरं तर हसायला हवं होतं. पण त्याच वेळी मी मनात वैशालीचा हिशेब करत होते की ती या रस्त्याने कोणत्या गाडीने आली असेल, तिची पाठ दुखली असेल का. दुखली असेल तर बरं, असंही वाटून गेलं.

सिरोंच्यात शिरलं की पाट्या मराठी आणि कानावर तेलुगू. बसस्टँडजवळ साधी लॉज आहे, खोली हजाराच्या आतबाहेर, गरम पाणी बादलीने. शेजारच्या टिफिन सेंटरमध्ये इडली आणि मैसूर बोंडा, सोबत शेंगदाण्याची झणझणीत चटणी. दोघींचं पोटभर खाणं शंभर रुपयांत झालं. खाऊन झाल्यावर मी म्हटलं, “‘प्राणहितेच्या काठी’ लिहिलंय तिनं, म्हणजे आता नदीकाठच्या कोळ्यांच्या वस्तीत जाऊ.” छाया म्हणाली, “चाल, राजक्काकडे नेतो तुले. तिच्या पोराचं बाळंतपण माया हातानं झालं होतं.”

राजक्काचं घर नदीकडे उतरणाऱ्या गल्लीच्या टोकाला आहे. अंगणात निळी नायलॉनची जाळी वाळत घातलेली, भिंतीला टेकवलेली वल्ही, आणि ओट्यावर स्वतः राजक्का, साठीची, सडपातळ, सुईदोरा घेऊन जाळ्याची फाटकी बाजू सांधत बसलेली. छायाला बघताच ती उठून उभी राहिली.

“सिस्टरम्मा!” ती ओरडली. “रा अम्मा, रा! किती वर्सानं आलीस!”

मग मिठी, मग रडणं, मग सून बाहेर आली, तिने पाणी दिलं. दवाखान्यात अडलेली राजक्का, पावसामुळे न येऊ शकलेले डॉक्टर आणि रात्रभर तिच्याजवळ बसलेली नवखी छाया, ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकली. नणंदेने घरी कधी सांगितली नव्हती. त्या रात्री छायाच्या हातावर जन्मलेला राजक्काचा मुलगा श्रीनिवास आता बाप झाला होता आणि मासे विकायला पलीकडे तेलंगणात गेला होता.

मी मात्र जाळ्याकडे बघत होते. राजक्काच्या हातातल्या फेकायच्या जाळ्याच्या कडेला शिसाचे मणी होते, आणि मण्यांच्या मध्ये मध्ये ओवलेले भोकाचे पैसे. वीस-पंचवीस तरी असतील. मी पुढे वाकून एक उलटवला. काही नाही. दुसरा, तिसरा. मुकुट नाही, पानं नाहीत, साल नाही. नदीच्या वाळूने सगळे दोन्हीकडून गुळगुळीत करून टाकले होते.

“सासऱ्याच्या जाळ्यातले हायेत,” राजक्का म्हणाली. “तवा शिसं महाग होतं, हे वजनाले लावत. जाळं फाटलं की नवीन जाळ्यात ओवतो. पैसे काई फाटत नाई.”

तेवढ्यात सुनेने आतून बाळ आणलं. सहा-सात महिन्यांची मुलगी, अंगावर फक्त झबलं आणि कपाळाच्या कडेला काजळाचा ठिपका. तिकडे बाळाला लाडाने पापा म्हणतात, नाव अजून ठेवलं नव्हतं. छायाने तिला उचलून हवेत धरलं, झबलं वर सरकलं, आणि मला तो दिसला. कमरेच्या काळ्या दोऱ्यात भोकाचा पैसा. मधासारखा रंग. मुकुटाच्या डावीकडे तिळाएवढा काळा डाग.

म्हणजे फोटोतला लाकडी पाट नव्हता. ते पापाचं पोट होतं.

मग हळूहळू उजाडलं की वैशालीने हा पैसा घेतलेलाच नाही. तो इथेच आहे. मला इतका आनंद झाला की हसू लपवायला मी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

“इथी कोणी मॅडम आल्या होत्या का, फोटो काढायला?” मी विचारलं.

“आली होती,” राजक्का म्हणाली. “मासे खाल्ली, फोटो काढला, पापाच्या पोटाचा मुका घेतला अन् गेली. चांगली होती.”

“हा विकत मागितला नाई तिनं?”

“नाई.”

राजक्काने मग त्या पैशाची हकिकत सांगितली. तेलुगूत कमरेच्या दोऱ्याला मोलताडू म्हणतात, म्हणजे आपला करदोडा. तिच्या घरात बाळ जन्मलं की हा पैसा मोलताडूत ओवतात, दिष्टी लागू नये म्हणून. दिष्टी म्हणजे नजर. बाळ चालायला लागलं की काढून कापडात गुंडाळून हळदीच्या डब्यात ठेवतात, थेट पुढच्या बाळापर्यंत. श्रीनिवासच्या कमरेला हाच होता, त्याच्या बापाच्याही. एवढी वर्षं झाली तरी तो झिजला का नाही, ते मला कळलं. तो नदीत कधी गेलाच नव्हता.

आमच्या घरात नजर, गंडा, काळा दोरा यातलं काही नाही. आजेसासऱ्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच हे सगळं उंबऱ्याबाहेर गेलं, आणि याचा मला अभिमान आहे. त्यामुळे मी अगदी शहाण्यासारखं मनात म्हटलं, अंधश्रद्धेसाठीच वापरतात ना, मग चांदीचा करदोडा दिला तर बाळाचं नुकसान काय? उलट फायदाच.

मी भिंग काढलं. पापा छायाच्या मांडीवर होती. मी तिच्या पोटाशी वाकून पैसा बघत राहिले. मुकुटाचे मणी मोजले. पानाच्या शिरा पाहिल्या. “काय सुंदर आहे,” मी म्हणाले. “काय सुंदर आहे हा. असा मी कुठे पाहिला नाही.” किती वेळा म्हणाले ते मला आठवत नाही, छायाने नंतर सांगितलं की खूप वेळा. पापा भिंगाला घाबरून रडायला लागली तरी मी दोरा सोडला नव्हता. मग मी विचारलंच. चांदीचा करदोडा, पैंजण, वर जे म्हणाल ते.

छायाने माझ्याकडे असं पाहिलं की दुसरं कोणी असतं तर जमिनीत गेलं असतं. राजक्काने पापाला घेतलं, पदराखाली झाकलं आणि म्हणाली, “उद्या सकाळी या अम्मा. जेवून जा मग.”

बाहेर पडल्यावर छाया माझ्याशी बोलेना. तरी तिने मला नदीवर नेलं, कारण आधी ठरलं होतं. प्राणहिता आणि गोदावरी जिथे मिळतात तिथे डिसेंबरात पाणी उतरलेलं असतं, वाळूचे लांब पट्टे उघडे पडतात आणि पलीकडचं कालेश्वर स्पष्ट दिसतं. संध्याकाळी अवश्य जा, डोंगे भाड्याने मिळतात, भाव आधी ठरवून घ्या. गावाजवळ वडधमला डायनासोरच्या काळातली दगड झालेली झाडं आहेत, तीही बघा. मी हे सगळं पाहिलं आणि मला त्यातलं फारसं काही आठवत नाही. मी मनात ग्रुपवर टाकायच्या पोस्टची वाक्यं जुळवत होते. ‘सिरोंचा. प्राणहितेच्या काठी.’ एवढंच लिहायचं, तिचेच शब्द. म्हणजे तिला बरोबर लागेल.

सकाळी गेलो तेव्हा राजक्काने चुलीवर मासे ठेवले होते. चिंचेचा आंबट, लाल रस्सा आणि मोकळा भात. असा मासा मी नागपुरात कधी खाल्ला नाही. जेवण झाल्यावर तिने हात पुसले, आत गेली आणि पळसाच्या पानाची पुडी आणून माझ्या हातात ठेवली.

मी पुडी उघडली. पैसा लखलखत होता. नव्या तांब्याच्या लोट्यासारखा गुलाबी, चकचकीत, आणि सगळ्या अंगावर बारीक ओरखडे. मुकुटाचे मणी एकमेकांत मिसळून गेले होते. तो तिळाएवढा डागही नव्हता.

“घासला?” माझ्या तोंडून एवढंच निघालं.

“चिंच अन् राखेनं,” राजक्का म्हणाली. “वाळूनं पण. काल संध्याकाळपासून घासून राह्यली. लेकराच्या अंगावरचं दुसऱ्याले असंच देत नाई अम्मा. लेकराचं काई त्याच्याबरोबर जाऊ नये.”

“पण तुम्ही देता कशाला मग? नको होता द्यायचा तर…”

तिने मला थांबवलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, भाजीत मीठ कमी पडलंय हे सांगावं तसं सांगितलं तिने. “तुमची दिष्टी बसली त्याच्यावर. लई जोरात बसली. आता तो पापाच्या कामाचा नाई. जो सोताच नजरेत आला तो नजर काय थांबवणार? तुमाले आवडला, तुमी घेऊन जा.”

मी चांदीचं पुन्हा बोलले. तिने हात जोडले. सिस्टरम्माच्या माणसाकडून काही घेणार नाही म्हणाली.

पापा ओट्यावर गोधडीत पालथी पडून पाय झाडत होती. तिच्या कमरेला नवा काळा दोरा होता आणि त्यात जाळ्यातून काढलेला एक पैसा. टकला, दोन्हीकडून कोरा, नुसती भोकाची चकती.

“हा चालतो?” मी विचारलं. “याच्यावर तर काहीच नाही.”

“म्हणूनच तं चालते,” राजक्का म्हणाली. “याच्याकडे कोण पाहते?”

मी माझ्या पर्समधून माझ्याजवळचा एक बरा पैसा काढून तिला देऊ केला. जरा मुकुट असलेला, रंग शाबूत असलेला, तुलनेला म्हणून सोबत आणलेला. तिने तो हातातही घेतला नाही. छाया गाडीत जाऊन बसली होती.

परतताना आलापल्ली मागे पडलं. ट्रक येत होते, धूळ उडत होती, छाया समोर बघून गाडी चालवत होती. शेवटी मीच म्हटलं, “आपण नजर-बिजर मानत नाही ना छाया?”

“नाई मानत,” ती म्हणाली.

“मग?”

“मग काई नाई. आपण मानत नाई. पण काल तू त्या लेकराच्या पोटाकडे कशी पाहून राह्यली होतीस, ते मी पाह्यलं वहिनी. मीच तिले तुयापासून दूर घ्यायले पाह्यजे होतं.”

चंद्रपूरला तिने मला बसमध्ये बसवून दिलं, डब्यात वडाभात दिला, आणि गाडी सुटायच्या आधी खिडकीवर थाप मारून म्हणाली, “पोचली की फोन कर.” म्हणजे पुढेमागे माफ करेल. पण सिरोंच्याला पुन्हा नेणार नाही, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

घरी आल्यावर मी तो पैसा अल्बमच्या रिकाम्या खिडकीत ठेवला. दुसरीकडे ठेवायचा तरी कुठे? पोस्ट टाकली नाही. घासलेला पैसा टाकून ग्रुपवर स्वतःचं हसं करून घेण्याइतकी मी वेडी नाही.

रविवारी वैशाली आली. तिला कुणी सांगितलं कोण जाणे, बहुतेक माझ्या नवऱ्याने. चहा घेताना तिने सरळ विचारलं, “तू सिरोंच्याला जाऊन आलीस ना? पाहिलास का तो?” मी अल्बम आणला आणि तिच्यापुढे ठेवला.

तिने पैसा उचलला. दोन बोटांनी, कडेनं, चेहऱ्याला बोट न लावता, अगदी मी शिकवलं होतं तसा. त्याच्यावर आता जपायला काही राहिलं नव्हतं तरीही. मी तिला सगळं सांगितलं, दिष्टीपासून चिंचेपर्यंत. मला वाटलं ती मला चार शब्द सुनावेल, आणि खरं सांगायचं तर त्याचीच मी वाट बघत होते. तिने पैसा खाली ठेवला.

“मलाही हवा होता गं,” ती म्हणाली. “विचारायला तोंड उघडलं होतं. मग ती पोरगी माझ्याकडे बघून हसली आणि मला जमेना. उठले नि आले. वाटेत इतकी चिडले स्वतःवर. म्हणून तो फोटो तसा कापला. नुसता पैसा दिसावा, बाळ दिसू नये. बघणाऱ्याला वाटावं मी घेतलाय.”

“बघणाऱ्याला म्हणजे कोणाला?”

“तुला,” ती म्हणाली. “ग्रुपवर बाकी कोणाला त्यातलं कळतं?”

चहा गार झाला, तो मी परत गरम करून आणला. तिने जाताना विचारलं की पापा बरी आहे ना. बरी आहे म्हटलं, छायाने फोनवर चौकशी केली होती.

आता ही पोस्ट वाचून तुमचे निरोप येतील, मला माहीत आहे. सिरोंच्याला जरूर जा. डिसेंबर-जानेवारीत जा, आलापल्लीला पेट्रोल भरा, अंधाराच्या आत पोचा, प्राणहितेचा मासा चिंचेच्या रश्शात खा. राजक्काच्या घराचा पत्ता मात्र विचारू नका, मी देणार नाही, आणि तिचं खरं नावही मी इथे लिहिलेलं नाही. काही जण म्हणतील, अजून जळते ही, दुसऱ्या कुणाला काही मिळू देत नाही. म्हणू देत. पापाच्या कमरेच्या त्या कोऱ्या पैशाचा फोटोही तुम्हाला इथे दिसणार नाही, कारण मी तो काढलाच नाही.

वैशालीच्या अल्बममध्ये त्या पैशाची खिडकी अजून रिकामी आहे. मागच्या आठवड्यात तिच्याकडे गेले तेव्हा मी पाहिली. माझी भरलेली आहे, आणि तिच्या त्या रिकाम्या खिडकीकडे बघून माझ्या पोटात पुन्हा तसंच दुखलं.